मुठीचं माप

भात चुलीवर चढवण्याआधी आमच्याकडे
कोरड्या तांदळातून एक मूठ बाजूला काढतात.
देवाची.
त्यासाठी चुलीजवळ बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो,
झाकणावर हसणारी एक बाई,
नाकापाशी गंजलेली.

या डोंगरावर लग्न होऊन आले तेव्हा
सासूने, पी थांगकुंगीने, मला एवढंच शिकवलं.
वचनं पाठ करून घेतली नाहीत.
म्हणाली, हात घाल, मूठ भर, टाक.
विश्वासबिश्वास मागाहून बघू.

मी हुशार.
मूठ आवळायची एक रीत असते,
बाहेरून गच्च दिसते,
आत चिमणीच्या चोचीपुरतं.
पहिली दोन वर्षं माझ्या हातून देव
असा अर्धपोटीच राहिला.
सासूला धड दिसत नव्हतं.
पण डब्यात दाणे पडताना ऐकू येत होतं.
बोलली नाही कधी.
फक्त शनिवारी, मंडळीच्या बाया पोतं घेऊन यायच्या आत,
डब्याचं झाकण दुसऱ्यांदा वाजायचं.

मग बांबू फुलला.
म्हाताऱ्यांनी त्या फुलांकडे पाठ केली.
त्यांना माहीत होतं, फुलांमागून बी, बियांमागून उंदीर.
एका रात्रीत उतारावरचं शेत गेलं.
सकाळी चुआइलोवा बांधावर उभा,
हातात विळा, आणि कापायला नुसतं आभाळ.
आठवड्याने तो रस्त्याच्या कामाला गेला, सिलचरच्या बाजूला.
घरात उरलो आम्ही दोघी, आणि सरकारी तांदूळ,
माणशी मोजलेला, कुबट, अर्धा खडे.

त्या संध्याकाळी मी डबा फळीवर मागे सारला.
सासूने चुलीपाशी जमीन चाचपली.
डबा?
आई, आपल्यालाच नाही.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, उद्यापासून माझ्या वाटचा
एक मूठ कमी शिजव.

संताप आला. तिचा, बांबूचा, त्याचाही.
म्हटलं, उंदीर तुझेच ना?
त्यांनी नेलं ते धर की तुझ्या हिशेबात.
पण डबा खाली काढला.
रागाने टाकलेले दाणेही
पत्र्यावर तसेच वाजतात.

शनिवारी पोतं उचलायला माणूस कमी पडलं,
म्हणून मी गेले.
त्या वर्षी ते पोतं विकायला जात नव्हतं.
गावाच्या टोकाला झिरपुईचं घर,
तीन पोरं, नवरा तापाने गेलेला.
आम्ही तिच्या सुपात ओतलं,
लाल, पांढरा, कुबट, खड्यांचा,
अख्खं गाव एका सुपात.
माझे त्यात कुठले, शोधूनही दिसले नसते.
झिरपुईने पोरांना मागे सारलं,
डोळे मिटले,
आणि पहिल्यांदा एक मूठ
बाजूला काढली.
भरलेली. बोटांच्या फटींतून सांडत होती.

परतताना दरीत धुकं बसलेलं होतं.
कुणीच काही बोललं नाही.
माझ्या मुठीला घाम आला होता.

तेव्हापासून मूठ सैल झाली, असं नाही.
रोज सैल करावी लागते.
कधी करंगळी अडून बसते,
कधी अख्खा हात.
चुआइलोवाचा निरोप दोन महिने नाही.
मी प्रार्थनेत त्याचं नाव घेते आणि तिथेच अडखळते,
पुढची वाक्यं मला येत नाहीत.
मग उठून तांदूळ मोजते.

काल विसरले.
भात झाला, जेवलो, निखारे झाकले, निजलो.
मध्यरात्री आठवलं.
कोण बघणार होतं?
उठले. दिवा लावला नाही.
देव मला अजून दिसलेला नाही,
पण डबा कुठे आहे ते अंधारात हाताला कळतं.
मूठ भरली. टाकली.

कोपऱ्यातून पी थांगकुंगीचा आवाज आला,
झोपेतला की जागेपणीचा कोण जाणे:
झाकण नीट लाव गं,
उंदीर अजून आहेत.